पुन्हा हात उचलेल का?

भोर असो की वेल्हे (आताचा राजगड तालुका), नवऱ्याने मारलं की आधी चार जाणती माणसं बसतात. तो पाया पडतो, शपथ घेतो, बाई नांदायला परत जाते. ‘एवढा पस्तावलाय, आता नाही मारायचा’ हा मारहाणीबद्दलचा सर्वांत महागडा गैरसमज. पुढचा अंदाज मागच्या वागण्यावरून बांधायचा असतो, शपथेवरून नव्हे.

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात 2004 साली पोलिसांसाठी, पुन्हा मारहाण होण्याचा धोका मोजणारी ‘ओडारा’ ही 13 प्रश्नांची यादी पुढे आली. पूर्वी मारलंय का? जिवे मारायची धमकी? कोंडून ठेवलं? गरोदरपणी हात उचलला? एक प्रश्न मदतीतल्या अडथळ्यांचा आहे: फोन नाही, वाहन नाही, घर आडबाजूला. वेल्ह्यातल्या डोंगरकपारीच्या वाड्यांना तो थेट लागू पडतो. ओडाराच्या उत्तरांना मिळणारे गुण मात्र कॅनडातल्या पुरुषांच्या नोंदींवरून बसवलेले, ते इथे जसेच्या तसे चालणार नाहीत. आणि गुण म्हणजे भविष्य नव्हे. तेवढेच गुण असलेल्या शंभर जणांपैकी साधारण किती पुन्हा मारतील, एवढंच त्यातून कळतं.

असेच आणखी काही गैरसमज. ‘दारू सुटली की मार सुटतो.’ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 नुसार नवरा वारंवार झिंगत असेल तर 70 टक्के बायकांनी शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेली. नवरा पीतच नसेल तरी 23 टक्के. दारूने धोका वाढतो, पण मूळ तिच्यात नाही.

‘बायका वाढवून सांगतात.’ तो पुन्हा मारेल ही तिची भीती ओडाराच्या 13 प्रश्नांत आहे. गळा दाबला असेल तर ते ‘किरकोळ भांडण’ म्हणून कुणी मिटवू नये. वसईच्या एका तरुणीने नोव्हेंबर 2020 मध्ये तुळिंज पोलिसांना लिहून दिलं होतं, की जोडीदार गळा आवळतो, तुकडे करण्याची धमकी देतो. पुढे तिने तक्रार मागे घेतली. मे 2022 मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. आरोप त्याच जोडीदारावर आहे.

‘शिक्षा झालेली नाही, म्हणजे माणूस स्वच्छ.’ 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा मुळात दिवाणी वळणाचा. त्यात संरक्षण आदेश मिळतो. तो मोडला तर गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे वर्षानुवर्षं मारणाऱ्याच्या नावावरही शिक्षेची नोंद नसू शकते.

याच कायद्याच्या नियमांत नमुना 5, सुरक्षा योजना, आहे. हिंसा पुन्हा होईल का, वाढेल का, ही बाईची धास्ती त्यात लिहायची असते. संरक्षण अधिकाऱ्याकडे गेलात तर हा नमुना भरून घ्या. जीव धोक्यात असेल तर आधी 112 ला फोन करा, सल्ल्यासाठी 181 ला.