शून्य, पण शून्य नाही

कोराडीच्या औष्णिक केंद्रातून नागपूरकडे वीज निघते ती तीन फेजमध्ये: लाल, पिवळा, निळा. तिन्हींचा जोर सारखाच, पण लाटा एकमेकींच्या १२० अंश मागे-पुढे. भार तिन्हींवर समसमान पडला, तर तिन्ही प्रवाहांची बेरीज दर क्षणाला शून्य होते आणि न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, काहीच वाहत नाही. (मे महिन्यात गल्लोगल्ली कूलर सुरू झाले की समसमान वगैरे कुठलं!)

इंजिनिअर हे प्रवाह संमिश्र संख्यांनी लिहितात. एका संख्येत दोन गोष्टी मावतात: लाट किती मोठी आणि किती मागे. या संख्यांत येणाऱ्या वजा एकाच्या वर्गमुळाला गणितवाले ‘आय’ म्हणतात; विजेत ‘आय’ म्हणजे प्रवाह, म्हणून इथे ‘जे’. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतही ‘जे’च.

आता गंमत बघा. एक एकक लांबीचे, १२० अंशांनी फिरवलेले तीन फेज पायथनला काढायला सांगा. दुसऱ्याचा वास्तव (म्हणजे ‘जे’ नसलेला) भाग हवा उणे ०.५, येतो –०.४९९९९९९९९९९९९९९८. तिसऱ्याचा येतो –०.५००००००००००००००४. खुद्द ०.५ यंत्राला अचूक लिहिता येतं. पण पायथन कोन ‘पाय’च्या (π) पटीत मोजतो आणि पाय अचूक लिहिता येत नाही, त्यामुळे कोनच किंचित चुकतो. ६४ बिटांतले ५२ बिट आकड्यांसाठी. उरलेली शेपटी सोडून संख्या जवळात जवळच्या लिहिता येणाऱ्या संख्येवर नेली जाते. यंत्रातल्या अपूर्णांकांसाठीच्या १९८५ च्या आयईईई ७५४ मानकापासून जवळजवळ सगळी यंत्रं हीच पद्धत वापरतात. तिन्ही वास्तव भागांची बेरीज मग उरते उणे, दशांशचिन्हानंतर पंधरा शून्यं आणि दोन. ‘ही बेरीज शून्यापेक्षा वेगळी आहे का?’ असं कोडमध्ये विचारा, उत्तर येतं: हो, वेगळी आहे! कागदावर ज्या न्यूट्रलमधून काहीच वाहत नव्हतं, त्यातून यंत्राच्या लेखी काहीतरी वाहतंय.

दोन संमिश्र संख्यांत लहान-मोठं विचारलं तर पायथन सरळ चूक दाखवून थांबतो, आणि ते योग्यच आहे. ‘जे’ धन मानला तर त्याचा वर्गही धन हवा, पण तो तर उणे एक. ऋण मानला तर उणे ‘जे’ धन, आणि त्याचाही वर्ग उणे एकच. मॅटलॅब हे सॉफ्टवेअर मात्र ‘पेक्षा लहान’ विचारलं की फक्त वास्तव भाग पाहतं, आणि क्रम लावताना आधी लांबी पाहतं, मग कोन. एकाच सॉफ्टवेअरमध्ये दोन न्याय! मला पायथनचा हट्ट जास्त प्रामाणिक वाटतो.

म्हणून दोन संमिश्र संख्या वेगळ्या आहेत का हे तपासताना त्यांची वजाबाकी करा, तिची लांबी घ्या आणि ती ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आहे का ते बघा. पायथन ३.५ पासून त्याच्या सीमॅथ या मॉड्यूलमध्ये यासाठी ‘इजक्लोज’ आहे. पण शून्याशी ताडून बघताना त्याला निरपेक्ष मर्यादा स्वतः द्या. ती मुळात शून्य धरलेली असते, आणि मग आपल्या न्यूट्रलची बेरीज तिथेही नापासच होते.