धावपट्टीचे पाच हजार फूट

लेखमाला : शहर आणि विमानतळ – लेखांक चौथा

१९५०च्या दशकाच्या मध्यावर डग्लस एअरक्राफ्ट कंपनीने कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराकडे एक मागणी केली. धावपट्टी लांबवून द्या, म्हणजे आम्ही आमचे पहिले जेट प्रवासी विमान इथेच बांधू. बोइंग पुढे निघून गेले होते आणि डग्लसला डीसी-८ घाईने बाजारात आणायचे होते. चार इंजिनांचे ते जड विमान सांता मोनिकाच्या सुमारे पाच हजार फुटांच्या पट्टीवरून उडणे शक्य नव्हते. पट्टीच्या दोन्ही टोकांना मात्र वस्ती होती. रहिवाशांनी विरोध केला आणि पट्टी वाढली नाही. कंपनीने डीसी-८चा कारखाना लाँग बीचला उभारला. ३० मे १९५८ रोजी पहिले डीसी-८ तिथूनच आकाशात गेले.

या नकाराचे वजन कळण्यासाठी डग्लस त्या शहराला काय होती हे पाहायला हवे. शहराचा विमानतळ तेव्हा क्लोव्हर फील्ड म्हणून ओळखला जाई. १९२४ साली विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा करायला निघालेल्या अमेरिकन सैन्याच्या तुकडीची डग्लस विमाने इथूनच निघाली. १७ डिसेंबर १९३५ रोजी डीसी-३ने पहिले उड्डाण केले तेही इथूनच. याच विमानाची लष्करी आवृत्ती आपल्याकडे डकोटा म्हणून ओळखली गेली. २७ ऑक्टोबर १९४७ला भारतीय सैनिक श्रीनगरला उतरले ते डकोटातून. दुसऱ्या महायुद्धात या कारखान्यात चाळीस हजारांहून अधिक माणसे काम करत होती. जपानी हल्ल्याच्या भीतीने सगळा कारखाना झाकून टाकला होता. शेकडो खांबांवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ताणली आणि तिच्यावर लाकडी सांगाड्यांची खोटी घरे, कुंपणे, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणि तारेची झाडे उभी केली. वरून पाहणाऱ्या वैमानिकाला तिथे साधे उपनगर दिसावे, अशी ती योजना होती.

खरे उपनगरही त्याच काळात शेजारी वाढले. त्यातली कितीतरी घरे कारखान्याच्या कामगारांची होती. विमानतळाच्या बाजूचे लोक आजही एक युक्तिवाद हटकून करतात : विमानतळ आधी होता, तुम्ही नंतर आलात, मग आता तक्रार कशाची? कालक्रम बरोबर आहे. पण ती घरे पंख्याच्या विमानांच्या कारखान्याशेजारी बांधली गेली होती. साठच्या दशकात त्याच पट्टीवर खासगी जेट उतरू लागली, तेव्हा शेजार बदलला. हा बदल घरवाल्यांनी केलेला नव्हता. म्हणून हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे.

डीसी-८ गेल्यावर कारखाना हळूहळू आटला आणि १९७५मध्ये बंद झाला. पट्टी तेवढी उरली. इथून पुढचा संघर्ष पट्टी लांबवण्याचा राहिला नाही. तिच्यावर काय उतरू द्यायचे, हा प्रश्न होता. रहिवाशांना वाटले की हा प्रश्न सोपा आहे. विमानतळ शहराचा, जमीन शहराची, शहराने नियम करावा. १९६७मध्ये शेजारच्या घरमालकांनी आवाजाच्या त्रासाबद्दल शहरावर दावा लावला. १९७२मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असा दावा चालू शकतो. आता विमानाच्या आवाजाची भरपाई शहराच्या तिजोरीतून जाण्याची शक्यता निर्माण झाली. १९७५मध्ये शहराने जेट विमानांवर सरसकट बंदी घातली.

ती टिकली नाही, आणि का टिकली नाही हे समजून घेण्यासारखे आहे, कारण जगभरच्या रहिवासी चळवळी इथेच अडतात. अमेरिकेत आकाशावर अधिकार केंद्राचा. सांता मोनिकाच्या जवळच्याच बरबँक शहराने रात्री ११ ते सकाळी ७ जेटच्या उड्डाणांवर बंदी घातली होती. ती १९७३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. न्यायालयाने एक फट ठेवली : विमानतळाची मालकी शहराकडे असेल, तर मालक म्हणून काही निर्बंध घालता येतील की नाही, हा प्रश्न खुला राहिला. सांता मोनिका मालक होते. त्या फटीतून रात्रीच्या उड्डाणांवरची बंदी आणि आवाजाची मर्यादा पार झाली. सरसकट जेटबंदी मात्र १९७९मध्ये रद्द ठरली, कारण सर्वच जेट पंख्याच्या विमानांपेक्षा अधिक गोंगाट करतात असे दाखवता आले नाही. आवाजाविरुद्ध लढायचे तर आवाजच मोजून दाखवा, असा त्या निकालाचा अर्थ होता.

शहराने मग विमानतळच बंद करायचे ठरवले. तेव्हा केंद्र सरकारने जुनी कागदपत्रे पुढे केली. महायुद्धात सरकारने विमानतळ भाड्याने घेऊन त्यावर खर्च केला होता. १९४८मध्ये तो परत देताना जे हस्तांतरपत्र झाले, त्यात विमानतळ म्हणून वापर चालू ठेवण्याची अट होती. ही अट कायमची, असे केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाचे, म्हणजे एफएएचे म्हणणे. १९८४मध्ये तडजोड झाली. २०१५पर्यंत विमानतळ चालवायचा, आवाजाची कमाल मर्यादा ९५ डेसिबल. रहिवाशांना वाटले, तीस वर्षे तरी निभावेल.

त्या तीस वर्षांत खासगी जेटचे युग आले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला हजार-दीड हजार जेट फेऱ्या होत. २००७पर्यंत त्या १८ हजारांच्या वर गेल्या. नवी जेट आधीच्यांपेक्षा कमी आवाजाची असल्याने आवाजाची मर्यादा पाळूनच हे घडले. शिवाय त्रास केवळ कानांचा नव्हता. पट्टीच्या टोकापासून घरे जेमतेम ३०० फुटांवर, आणि मोठ्या जेटसाठी पट्टीपलीकडे १,००० फुटांचे मोकळे मैदान असावे असा एफएएचाच दंडक. धूर वेगळाच. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांना २००९मध्ये वाऱ्याच्या दिशेला ६६० मीटरपर्यंतच्या वस्तीत अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण वाढलेले आढळले. लहान पिस्टन विमानांच्या पेट्रोलमध्ये आजही शिसे असते, ही माहिती तर विमानतळाजवळ राहणाऱ्या प्रत्येक आईबापाने ध्यानात ठेवावी अशी आहे.

२००८मध्ये शहराने वेगवान जेटच्या दोन वर्गांवर बंदी घातली. या वेळी मुद्दा आवाजाचा नव्हता, सुरक्षेचा होता. तीही २०११मध्ये अपील न्यायालयात हरली. विमानतळासाठी केंद्राचे अनुदान घेतले की सर्व प्रकारच्या विमानांना भेदभाव न करता उतरू द्यावे लागते, हे कारण. अनुदानाचा हा फास किती लांबचा असतो त्याचे उदाहरण पुढे आले. बंधन २०१४मध्ये संपले असे शहर म्हणत होते. २००३मध्ये घेतलेल्या जादा अडीच लाख डॉलरांहून कमी रकमेमुळे ते २०२३पर्यंत लांबले, असे एफएए म्हणाली. एवढ्याशा रकमेवर नऊ वर्षांचा वाद!

दुसरी बाजूही खरी आहे. विमानतळाच्या समर्थकांच्या मते तिथल्या विमानशाळांत वैमानिक घडतात, आणि भूकंपाच्या प्रदेशात मधोमध एक पट्टी असणे उपयोगी असते. १९९४च्या भूकंपात सांता मोनिका महामार्गाचे पूल कोसळले होते, हे त्यांच्या बाजूचे मोठे उदाहरण. पण २९ सप्टेंबर २०१३ रोजी एक खासगी जेट उतरताना पट्टी सोडून हँगरवर आदळले आणि आतली चारही माणसे गेली. मार्च २०१५मध्ये अभिनेता हॅरिसन फोर्ड याचे जुने विमान उड्डाणानंतर लगेच बंद पडून पट्टीजवळच्या गोल्फच्या मैदानात उतरले. तिथे मैदान होते म्हणून. चहूबाजूंनी बाकी घरेच आहेत.

या दोन अपघातांच्या दरम्यान, नोव्हेंबर २०१४मध्ये, मतदान झाले. वैमानिकांच्या संघटनेच्या पाठिंब्याचा प्रस्ताव होता की विमानतळाचा निर्णय शहराच्या परिषदेकडे ठेवू नये, मतदारांच्या संमतीशिवाय तो बंद होऊ नये. परिषदेच्या प्रस्तावात विमानतळाचा अधिकार परिषदेकडेच होता. मात्र विमानतळ बंद झाला तर ती जमीन बागा, मोकळ्या जागा आणि सार्वजनिक करमणुकीखेरीज कशालाही वापरायची असेल तर मतदारांना विचारावे लागेल, अशी अट होती. विमानवाल्यांना मालमत्ता वाचवायची आहे आणि परिषदेला बिल्डर आणायचे आहेत, असे दोन संशय शहरात एकाच वेळी होते. दुसऱ्या प्रस्तावाने दोहोंना उत्तर दिले. त्याला सुमारे ६० टक्के मते मिळाली आणि पहिला प्रस्ताव पडला.

२८ जानेवारी २०१७ रोजी परिषदेने चार विरुद्ध तीन मतांनी एफएएशी करार केला. विमानतळ ३१ डिसेंबर २०२८पर्यंत चालवायचा, त्यानंतर शहराला तो बंद करता येईल. आणि पट्टी ४,९७३ फुटांवरून ३,५०० फुटांवर आणायची. बारा वर्षे थांबण्याच्या अटीवर अनेक रहिवासी चिडले, आणि त्यांचा राग रास्तच होता. पण पट्टी त्या वर्षाअखेरच छोटी झाली, आणि जेट फेऱ्या धडाधड घटल्या. आवाजावर, सुरक्षेवर, वेळेवर नियम करून चाळीस वर्षांत जे साधले नव्हते, ते दीड हजार फूट डांबर काढल्याने साधले. कुठले विमान उतरावे हे सांगण्याचा अधिकार शहराला नव्हता. उतरायला जागा किती ठेवायची, यावर केंद्र वाटाघाटीला तयार झाले, कारण खालची २२७ एकर जमीन शहराच्या नावावर होती.

आपल्याकडच्या विमानतळविस्ताराला विरोध करणाऱ्या गावांपुढची अडचण नेमकी इथे आहे. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाची वाढ गडमुडशिंगीच्या जमिनीपर्यंत जाते, पण विमानतळ गावाचा नाही. गावाला तोंड उघडायला जागा मिळते ती भूसंपादनाच्या टप्प्यावर, आणि तिथेही २०१३च्या कायद्यातली ८० आणि ७० टक्के संमतीची अट फक्त खासगी आणि भागीदारीतल्या प्रकल्पांना आहे, शुद्ध सरकारी कामाला नाही. सोलापुरात तर वाद जमिनीचाही नव्हता, उंचीचा होता. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंच चिमणी विमानाच्या मार्गात येत होती. सभासदांनी वर्षानुवर्षे लढा दिला. १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडली गेली. दोन वर्षांनी गोव्याची विमानसेवा सुरू झाली. कारखाना होटगी रस्त्यावर दशकानुदशके उभा होता, आणि त्याचे सभासद हे ऊस घालणारे शेतकरी होते.

सांता मोनिकात आता २०२८नंतरच्या जमिनीवरून नवी भांडणे आहेत. घरभाडे गगनाला भिडलेल्या शहरात इतकी जमीन नुसत्या बागेला द्यायची का, असे घरांसाठी झटणाऱ्या संघटना विचारतात. २०१४च्या मताने घातलेली अट बाग मागणाऱ्यांच्या बाजूची आहे आणि ती बदलायची तर पुन्हा मतदान घ्यावे लागेल. विमानतळाला विरोध करणारी पिढी एकजुटीने लढली. जमिनीच्या प्रश्नावर तिच्यात दोन तट पडले आहेत.

पुढील आठवड्यात : फ्रान्समधल्या नांत शहराजवळचा नोत्र-दाम-दे-लांदचा विमानतळ, जो जवळजवळ पन्नास वर्षे कागदावर राहिला आणि जानेवारी २०१८मध्ये सरकारनेच रद्द केला.