आपली ओवी घालू नये

नेवाशात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेच्या पत्रिका, सप्ताहाची पत्रकं अशी कामं. जुन्या संगणकांवर मी व्हॉइड लिनक्स चालवतो. दुसऱ्या कुठल्याही डिस्ट्रोवर, म्हणजे लिनक्सच्या तयार संचावर, न बेतलेली ही स्वतंत्र डिस्ट्रो हुआन रोमेरो पार्दिनेस यांनी 2008 मध्ये सुरू केली. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ टंक मला सगळ्या संगणकांवर सारखा हवा होता. फाइल नुसती कॉपी करूनही भागलं असतं. पण रीतसर पॅकेज बांधायला बसलो आणि त्याचे नियम वाचत गेलो.

पॅकेज म्हणजे सॉफ्टवेअर आणि त्याची जन्मनोंद. व्हॉइडमध्ये ही नोंद ‘टेम्प्लेट’ नावाच्या साध्या फाइलीत लिहितात. वर्णन 72 अक्षरांत बसवायचं, शेवटी पूर्णविराम नाही. परवाना ‘फुकट आहे’ असा मोघम लिहून चालत नाही. ठरलेलं नावच हवं, मुक्तासाठी ‘ओएफएल-1.1’. आवृत्ती तीच असताना पॅकेजमध्ये दुरुस्ती केली, तर ‘रिव्हिजन’चा आकडा एकने वाढवायचा. तो विसरलात तर लोकांच्या संगणकांना बदल झाल्याचं कळतच नाही.

मला सगळ्यांत मोलाचा वाटतो चेकसम. मूळ फाइलीवरून गणिताने काढलेली ही 64 चिन्हांची खूण. फाइलीत एका मात्रेचा फरक पडला तरी खूण जुळत नाही, आणि पॅकेज बांधणं तिथेच थांबतं.

आमच्या गावात याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी इथेच सांगितली गेली. पुढे नकलांवर नकला होत पाठ बिघडले. शके 1506 मध्ये पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून पाहिल्या, पाठ शुद्ध केला आणि त्यात कुणी आपली ओवी घालू नये असं बजावलं. पॅकेज बांधणाराही मूळ लेखकाचं काम जसंच्या तसं पोचवतो. बदल करावाच लागला तर तो वेगळ्या पॅच फाइलीत, सगळ्यांना दिसेल असा.

खूण जुळली म्हणजे माल चोख, असं मात्र नव्हे. मार्च 2024 मध्ये ‘एक्सझेड’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या 5.6.0 आणि 5.6.1 या अधिकृत आवृत्त्यांतच चोरवाट निघाली. ती घालणाऱ्याने आधी प्रकल्पाचा विश्वास कमावला होता. चेकसम जुळतच होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे सॉफ्टवेअर अभियंते अँड्रेस फ्रॉइंड यांना खटकलं आणि त्यांनी मुळापर्यंत शोध घेतला, म्हणून ती सापडली. नियमांमागे असा वाचणारा माणूस लागतोच.

तुमच्या घरी कुणी संगणक शिकत असेल, तर त्याला पहिलं टेम्प्लेट मराठी टंकाचं लिहायला सांगा.