चहाआधी पाणी

चहा म्हटला की आपल्या घरी आधी आधण, मग साखर, मग भुकटी, आणि त्यावर आले, गवती चहा, दूध यांचा एकच गलबला. पाण्याची चव विचारतो कोण? पण तैवानचा किंवा चीनच्या फुजियान प्रांतातला हलका ऊलाँग चहा घरी आला, की पाण्याचे गुणदोष लगेच उघडे पडतात.

हा चहा ना हिरवा, ना काळा. पाने जराशी कोमेजवतात, मग हलवून हलवून त्यांच्या कडा दुखावतात. कडा तांबूस होऊ लागल्या, की आच देऊन ती क्रिया मध्येच थांबवतात. एवढ्यानेच अनंताच्या फुलासारखा वास येतो. फूल एकही घातलेले नसते! किटली गरम पाण्याने विसळावी. दोघांना चहाचा एक चमचा गोळीदार पाने पुरतात. उकळलेले पाणी मिनिटभर निवू द्यावे, ओतून झाकावे, दोन मिनिटांनी गाळावे. दूध-साखर घालायचीच असेल, तर आपली नेहमीची भुकटी काय वाईट? तीच पाने आणखी दोन-तीनदा चालतात, आणि माझ्या मते दुसरे पाणी पहिल्याहून सरस. चिनी लोक सारा चहा आधी एका भांड्यात ओततात, म्हणजे एकाला पातळ, एकाला कडक असे होत नाही. त्या भांड्याला ते ‘न्यायाचा पेला’ म्हणतात.

पाणी जड असेल तर हा सुवास मरतो. आठव्या शतकात लू यू या चिनी पंडिताने चहावर ग्रंथ लिहिला. त्यात डोंगरातले पाणी उत्तम, नदीचे मध्यम, विहिरीचे कनिष्ठ ठरवले आहे.

आपल्याकडे पाण्याच्या चवीची अशी दखल महाडात दिसते. तिथल्या तळ्याचे नावच चवदार तळे. पण ती चव घ्यायची कोणी? मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले. ते कागदावरच राहिले. त्या काळी चहाच्या दुकानातही अस्पृश्याचा कप वेगळा असे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडात परिषद भरली, तेव्हा जमलेल्या माणसांसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. गावात तळे भरलेले असताना!

दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. मागाहून लोकांना मारहाण झाली. पुढे पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. हे पाणी न प्यालो म्हणून आपण मरणार नाही, आपणही माणसे आहोत हे ठरवायला तळ्यावर जायचे आहे, असे बाबासाहेबांनी त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच सांगितले. म्हणजे चवीचा प्रश्न नव्हताच. दावा मात्र नऊ वर्षांहून अधिक काळ चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला. आजही २० मार्चला लांबलांबून माणसे पोराबाळांसह तळ्यावर येतात.