जनुक शाबूत, पण चालूच होत नाही : एमएचसी क्लास २ ची कमतरता

बाळाला वारंवार न्यूमोनिया होतो, जुलाब थांबत नाहीत, वजन वाढत नाही. तरी रक्तातील लिम्फोसाइट्सची संख्या मात्र नॉर्मल. असे असल्यास हा दुर्मिळ, जन्मजात आजार तपासायला हवा.

बी-पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए-डीआर हे प्रथिन असते. जंतूचा तुकडा त्यावर धरूनच तो सीडी४ टी-पेशींना दाखवला जातो. जनुकाच्या सुरुवातीला 'प्रमोटर' हा भाग असतो. तिथे ठरावीक प्रथिने जमली की जनुक चालू होते. या आजारात एचएलए-डीआरचे जनुक आणि प्रमोटर दोन्ही ठीक असतात. बिघाड असतो तो जनुक चालू करणाऱ्या प्रथिनांपैकी एकात, बहुधा आरएफएक्सएएनकेमध्ये. म्हणूनच डीएनएवरचे एचएलए टायपिंग नॉर्मल येते आणि पालक गोंधळतात. पेशीवर प्रथिन आहे की नाही, हे फ्लो सायटोमेट्रीत दिसते.

आई-वडील दोघेही वाहक असतात, स्वतः निरोगी. दोष कोणाचाच नाही. नात्यातल्या लग्नात ही शक्यता वाढते. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के. जनुकदोष सापडलेला असेल तर गर्भातच तपासणी करता येते.

कायमचा उपाय म्हणजे मूळपेशी प्रत्यारोपण. आपल्याकडे बीसीजी जन्मतःच देतात. त्यामुळे पुढचे मूल झाल्यास तपासणी होईपर्यंत बीसीजी आणि पोलिओचे थेंब थांबवण्याबद्दल प्रसूतीआधीच डॉक्टरांशी बोला.