पेंढा घरचा की विकतचा?

भातकापणी संपत आली की आमच्या घरी दरवर्षी एकच विषय निघतो. पेंढा घरचा बांधायचा, की लोकांनी बांधलेले गठ्ठे विकत घ्यायचे? आम्ही तिघे भाऊ, अब्बा आणि अम्मी असे एकत्र राहतो. ठाणे जिल्ह्यातल्या आमच्या गावी चार एकर भातशेती, थोडी वरकस जमीन आणि दावणीला चार जनावरं: दोन म्हशी, एक गाय आणि एक वाढती पारडी. दूध घरात लागतं तेवढं ठेवून बाकीचं विकतो. मुलांच्या शाळेचा खर्च त्याच पैशांतून निघतो. त्यामुळे उन्हाळ्यात वैरण कमी पडली तर त्याचा फटका गोठ्यापुरता राहत नाही, सगळ्या घराला बसतो.

ओळखीची बरीच कुटुंबं याच विचारात असतात. कुणी बेलर घ्यायचं म्हणतो, तर कुणी म्हणतो, एवढी यातायात कशाला, ट्रक मागवा आणि मोकळे व्हा. आम्ही दोन्ही करून पाहिलं आहे आणि दोन्हींत चुकलोही आहोत. म्हणून आमचा हिशेब आणि आमची चूक, दोन्ही इथे मांडत आहोत.

आधी गरज मोजा

बहुतेक घरांत वैरणीचा अंदाज डोळ्यांनीच घेतला जातो. माळा भरलेला दिसला की वाटतं, झालं. मग एप्रिलमध्ये धावपळ सुरू होते. खरं तर मोजणं सोपं आहे. सोबत हिरवा चारा आणि खुराक असेल तर एका मोठ्या जनावराला रोज साधारण 5 किलो सुका चारा धरावा. डिसेंबरपासून जूनच्या मध्यापर्यंत सुमारे 200 दिवस होतात, म्हणजे एका जनावराला 1000 किलो. आमच्या चार जनावरांना 4000 किलो. पायाखाली तुडवलेला, भिजलेला, गव्हाणीत टाकून दिलेला असा वाया जाणारा चारा म्हणून याच्या पाचवा हिस्सा जास्तीचा धरला तर 4800 किलो. गठ्ठा 20 किलोचा असेल तर 240 गठ्ठे लागतात. हिरवा चारा नसेल तर हा आकडा बराच वाढतो.

आता घरात किती निघतो ते पाहू. भाताचा पेंढा साधारण दाण्याच्या वजनाइतका किंवा त्याहून थोडा जास्त मिळतो. हार्वेस्टरने कापलं तर धसकटं उंच राहतात आणि पेंढा कमी हाती येतो. आमच्याकडे एकरी 1 टन धरला तर चार एकरांत 4 टन. म्हणजे आम्हाला 800 किलो, अर्थात 40 गठ्ठे, दरवर्षी कमीच पडतात. एवढं समजल्यावर निम्मा वाद मिटतो. सगळंच घरचं किंवा सगळंच विकतचं, अशी आमची स्थिती नाहीच.

घरचा पेंढा फुकट नसतो

"आपल्याच शेतातला आहे, त्याला काय पैसे पडतात?" असं अब्बा पूर्वी म्हणत. पण शेतातल्या पेंढ्यालाही किंमत असते. व्यापारी तो बांधावर येऊन विकत नेतो. वर गोळा करणं, बांधणं, वाहून आणणं आणि साठवणीतली घट हे खर्च आहेतच. समजा, बांधावर एका गठ्ठ्याएवढ्या पेंढ्याचे 20 रुपये मिळाले असते, भाड्याच्या बेलरवाल्याने बांधणीचे 40 घेतले, गोळा करून घरी आणायला 15 लागले आणि घट 10 रुपयांची धरली. घरचा गठ्ठा 85 रुपयांना पडला. विकतचा गठ्ठा 120 रुपयांना आणि गाडीभाडं 25 असेल तर तो 145 ला पडतो. हे दर गावोगाव आणि वर्षागणिक बदलतात. तुमचे आकडे तुम्ही घाला, हिशेबाची रीत तीच ठेवा.

मग स्वतःचं यंत्रच का घेऊ नये? हा प्रश्न आमच्या धाकट्या भावाने तीन वर्षं लावून धरला होता. समजा, ट्रॅक्टरमागे चालणारा लहान बेलर 3 लाख 60 हजारांना मिळाला आणि आठ वर्षं चालला. वर्षाला 45 हजार झाले. दुरुस्ती आणि सुटे भाग यांचे 10 हजार धरा. हे 55 हजार यंत्र उभं राहिलं तरी खर्च होणारच. आमच्या 240 गठ्ठ्यांवर ते वाटले तर गठ्ठ्यामागे जवळजवळ 230 रुपये पडतात, डिझेल आणि सुतळी वेगळीच. विकतचा गठ्ठा त्याहून कितीतरी स्वस्त.

भाड्याने 40 रुपयांना होणारं काम स्वतःच्या यंत्राने डिझेल, सुतळी आणि मजुरी धरून 15 रुपयांत झालं, तर गठ्ठ्यामागे 25 रुपये वाचतात. 55 हजार भरून काढायला वर्षाला 2200 गठ्ठे बांधावे लागतील, म्हणजे 44 टन, सुमारे 44 एकरांचा पेंढा. त्यात आमच्याकडची खाचरं लहान, बांध जवळजवळ आणि वरकस जमीन उताराची. तिथे ट्रॅक्टर वळतच नाही.

यंत्रासाठी कर्ज काढायचं म्हटलं तर व्याज आलं, आणि ते आमच्या घरात कुणालाच नको होतं. पण व्याज बाजूला ठेवलं तरी हिशेब बसत नाही, हे महत्त्वाचं. ज्यांच्या गावात सपाट भातशेती सलग आहे, त्यांनी पाच-सहा घरांची रोख भागीदारी करावी. कोणाचं शेत आधी, बिघाडाचा खर्च कोणाचा, बाहेरच्या कामाचं भाडं कसं वाटायचं, हे सुरुवातीलाच कागदावर लिहावं. महाडीबीटी पोर्टलवर अवजारांच्या अनुदानासाठी अर्ज करता येतो, तेही पाहावं. अनुदान मिळणार म्हणून गरज नसलेलं यंत्र मात्र घेऊ नये.

आमची चूक

2019 च्या ऑक्टोबर अखेरीस अरबी समुद्रात क्यार वादळ आलं आणि कोकणात पिकलेलं भात पावसात सापडलं. आमचा रुंद खाचरांतला पेंढा कापून पडलेला होता, तो भिजला. मग चार दिवस कडक ऊन पडलं. वरून पेंढा पिवळाधमक दिसू लागला. त्याच दिवशी बेलरवाला गावात आला होता आणि पुन्हा आठ दिवस येणार नव्हता. आम्ही खालचा थर उलटून पाहिला नाही. घाई केली आणि 130 गठ्ठे बांधून माळ्यावर टाकले. त्यांतले 30 शेजारच्या गावातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला विकले. त्याच्याकडे दोन म्हशी होत्या आणि त्याचा स्वतःचा पेंढा पुरता कुजला होता.

सहाव्या दिवशी अम्मी गोठ्यात दूध काढायला गेली आणि परत येऊन म्हणाली, "माळ्यावर कोणी गूळ जाळला का रे?" आम्ही वर चढलो. मधल्या गठ्ठ्यात हात घातला तो चटका बसून बाहेर काढावा लागला. ओला पेंढा घट्ट बांधला की आतले सूक्ष्मजीव वाढतात, त्यांची उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि वाढत वाढत ती इतकी होते की गंजी आपोआप पेट घेऊ शकते. हे तोवर आम्ही नुसतं ऐकलं होतं. जनावरं आधी बाहेर बांधली, पाण्याचे ड्रम भरून ठेवले आणि एकेक गठ्ठा सावकाश खाली काढला. गरम गंजी एकदम उघडली तर हवा लागून भडका उडतो, म्हणून हे काम एकट्याने कधीच करू नये. साठेक गठ्ठे आतून काळे, बुरशी आलेले निघाले. ते खतात गेले.

सकाळी फजरच्या नमाजनंतर अब्बांनी एवढंच विचारलं, "आणि ते तीस?"

खरं सांगायचं तर आमच्या मनात तो विचार आला होता, पण तोंडावर कोणी आणला नव्हता. पैसे घेऊन झाले होते, त्याने स्वतः पाहून माल नेला होता. अब्बा म्हणाले, "त्याने वरून पाहिला. आतलं आपल्यालाही माहीत नव्हतं, पण आता माहीत झालंय." प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घालतात, आतलं धान्य ओलं लागतं, आणि ते विक्रेत्याला विचारतात की हे वर का ठेवलं नाहीस, हा प्रसंग आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकला आहे. तो आपल्या माळ्यावर येऊन उभा राहील असं वाटलं नव्हतं.

टेम्पो घेऊन आम्ही गेलो. त्याने गठ्ठे स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून रचले होते आणि त्याची दोन मुलं वर चढून खेळत होती. मुलांना उतरवून आम्ही हात घातला. वरचे ठीक होते, खालचे गरम. त्याचे सगळे पैसे परत केले आणि आमच्या चांगल्या गठ्ठ्यांतले दहा त्याला दिले. त्या वर्षी आमच्याच घरात वैरण कमी पडली. मार्चमध्ये एक म्हैस विकावी लागली. पण ती भिंत आणि ती मुलं आठवली की म्हैस गेल्याचं दुःख राहत नाही.

बांधताना आणि घेताना

त्या वर्षापासून काही गोष्टी आम्ही कटाक्षाने पाळतो.

मूठभर पेंढा खालच्या थरातून घ्यावा आणि पिळावा. कडकन तुटला तर बांधायला हरकत नाही. नुसता वळला तर आणखी ऊन द्यावं. दव असेतो बांधू नये, दुपारचीच वेळ धरावी. माळ्यावर किंवा शेडमध्ये खाली फळ्या टाकाव्यात, भिंतीपासून हातभर अंतर सोडावं, विजेची वायर आणि चूल यांच्यापासून लांब रचावं. पहिला महिनाभर दर दोन दिवसांनी मधल्या गठ्ठ्यांत हात घालून पाहावा.

विकत घेताना नगावर न घेता वजनावर घ्यावं. एकाच आकाराचे दोन गठ्ठे 15 किलोचेही असतात आणि 25 किलोचेही. गाडीतल्या मधल्या एक-दोन गठ्ठ्यांच्या दोऱ्या सोडून आत हात घालावा आणि वास घ्यावा. कुबट वास, पांढरी-काळी भुकटी किंवा ऊब लागली तर सगळी गाडी परत पाठवावी. बुरशीच्या चाऱ्याने जनावर आजारी पडतंच, शिवाय काही बुरशींचं विष दुधातही उतरतं आणि ते दूध आपल्याच मुलांच्या पोटात जातं. गठ्ठा सोडताना प्लास्टिकची दोरी आणि तार मोजून बाजूला काढावी. जनावराने ती गिळली तर जिवावर बेतू शकतं.

पेंढा घरचा असो की विकतचा, एकट्यावर जनावर दूध देत नाही. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं फारच कमी असतात. 100 किलो पेंढ्यावर 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा आणि पेंढा हवाबंद झाकून 21 दिवस ठेवावा. तो अधिक पचतो आणि त्याचा कस वाढतो. उघडल्यावर वास उडू द्यावा, मग थोडा थोडा सुरू करावा. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना तो देऊ नये. युरिया पाण्यात मिसळून थेट पाजणं म्हणजे विष देणंच. पहिल्यांदा करणाऱ्यांनी गावच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांना सोबत घ्यावं.

आमचं ठरलं ते असं

रस्त्यालगतच्या अडीच एकरांचा पेंढा भाड्याच्या बेलरने बांधतो. 125 गठ्ठे होतात आणि मोकळ्या पेंढ्याच्या मानाने जागा खूपच कमी लागते. वरच्या दीड एकराच्या लहान खाचरांत हाताने कापणी करून जुन्या पद्धतीने भारे बांधतो आणि उडवी रचतो. यंत्र नाही म्हणून तिथे काही अडत नाही. उरलेले 40 गठ्ठे डिसेंबरात, भाव उतरलेले असताना विकत घेतो, उन्हाळ्याची वाट पाहत नाही. ज्या वर्षी पावसाने पेंढा भिजतो, त्या वर्षी तो सरळ खतात घालायचा आणि जास्त गठ्ठे विकत घ्यायचे, त्यासाठी दुधाच्या पैशांतून दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला ठेवतो. हा पैसा दुसऱ्या कशालाही हात लावू द्यायचा नाही, ही अम्मीची अट.

आणि ते 40 गठ्ठे आम्ही आता त्याच शेजारच्या गावच्या शेतकऱ्याकडून घेतो. दिवाळीनंतर त्याचा फोन येतो. भाव सांगण्याआधी तो म्हणतो, "अब्बांना घेऊन या. आधी हात घालून बघू दे."