पेटी टिकावी, प्रसाधन बदलावे

कॉम्पॅक्टमधली पावडर आधी मधोमध संपते आणि तळाची पत्र्याची ताटली दिसू लागते. आरसा स्वच्छ असतो, बिजागरी ठणठणीत असते, झाकणही नीट लागते. तरीही काही दिवसांत ती डबी कचऱ्यात जाते, कारण तिच्यात नवी पावडर बसवायची सोयच नसते. संपलेले असते दहा-बारा ग्रॅम प्रसाधन आणि फेकली जाते ती आरशासकट सगळी वस्तू.

म्हणूनच आरसा आणि डबी कायम ठेवून आतली प्रसाधनाची वडी तेवढी बदलता येईल, अशा डब्या आता बाजारात येऊ लागल्या आहेत. कल्पना नवी वाटते, पण मराठी घरांत ती पिढ्यान् पिढ्या वापरात होती. तिचे नाव फणी-करंड्याची पेटी.

पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली आणि पुढे अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव या संग्रहाला दिले. राजेरजवाड्यांच्या वस्तूंपेक्षा घरगुती वस्तूंवर त्यांचा जीव अधिक. त्यामुळे अडकित्ते, दिवे, वज्र्या, फण्या, कुंकवाचे करंडे अशा रोजच्या वापरातल्या वस्तू तिथे जपल्या गेल्या. स्त्रियांच्या प्रसाधनाची साधने पाहताना लक्षात येते, की आजच्या डिझायनरला पडणारे बरेच प्रश्न जुन्या सुताराने आणि कासाराने आधीच हाताळले होते.

पेटीची रचना

फणी-करंड्याची पेटी लाकडी असे. झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा. झाकण उघडून तिरके उभे केले, की जमिनीवर बसलेल्या बाईला त्यात चेहरा दिसे. आत खण, त्यांत कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळाची डबी आणि फणी. आधी बोटाने कपाळावर मेण लावायचे आणि त्यावर कुंकू टेकवायचे, म्हणजे ते दिवसभर टिके. कुंकू संपले की करंडा पुन्हा भरायचा, मेण संपले की मेण आणायचे. पेटी तीच राहायची, अनेकदा आईकडून लेकीकडे जायची.

यात एक साधे तत्त्व होते. पेटीतल्या प्रत्येक गोष्टीचे आयुष्य वेगळे असते आणि ज्याचे आयुष्य संपले तेवढेच बदलायचे असते. आरसा वर्षानुवर्षे टिकतो. काजळ मात्र काही महिन्यांतच बदललेले बरे. या दोन्ही गोष्टी एकमेकींना कायमच्या चिकटवून टाकल्या, तर दोनच पर्याय उरतात: चांगला आरसा फेकायचा, किंवा मुदत संपलेले प्रसाधन डोळ्याला लावत राहायचे. पहिल्यात कचरा वाढतो आणि दुसऱ्यात आरोग्याला धोका असतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेतही पितळी कॉम्पॅक्ट असेच वापरले जात. त्यात दाबलेल्या पावडरची नवी वडी बसवता येई. भारतात टाटा समूहाने १९५२ मध्ये ‘लॅक्मे’ सुरू केली आणि देशी बनावटीची तयार प्रसाधने शहरी मध्यमवर्गात रुळत गेली. पुढे प्लास्टिक स्वस्त झाले. मग डबी जपून ठेवण्यापेक्षा नवी घेणे सोपे वाटू लागले आणि पुन्हा भरण्याची सवय सुटली.

आत काय भरायचे

जुन्या पेटीची रचना चांगली होती, म्हणून तिच्यातले सगळेच निर्धोक होते असे मात्र नाही. पारंपरिक कुंकू हळदीचे. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालसर होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. हळदीतले कर्क्युमिन अल्कधर्मी पदार्थाच्या संपर्कात रंग बदलते. हळदीवर चुन्याची किंवा सवागी आणि लिंबाच्या रसाची प्रक्रिया करून कुंकवाचा लाल रंग मिळवला जाई.

पण लाल रंग मिळवण्याचे दुसरे स्वस्त मार्गही होते. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड. दोन्ही दिसायला सुरेख, दोन्ही शरीराला घातक. डोळ्यांत घालायच्या काही सुरम्यांत तर शिशाचे सल्फाइडच असते. शिसे शरीरात साठत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. आईच्या कपाळावरची भुकटी मुलाच्या हाताला आणि हातावाटे तोंडात जाते. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानलेली नाही.

हा प्रश्न केवळ इतिहासजमा नाही. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सिंदुराच्या ११८ नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतले ९५ नमुने न्यू जर्सीतल्या दुकानांतून आणि २३ मुंबई व दिल्लीतून घेतलेले होते. अमेरिकेतल्या ८३ टक्के आणि भारतातल्या ७८ टक्के नमुन्यांत ग्रॅममागे किमान एक मायक्रोग्रॅम शिसे सापडले.

कुंकवाची जागा टिकलीने घेतली, तेव्हा नवा त्रास आला. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटिल-फिनॉल हे रसायन असते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी त्याने मरतात आणि कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग उमटतो. त्वचारोगतज्ज्ञांना हा प्रकार चांगला परिचित आहे. अशा वेळी टिकलीचा वापर लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवणे महत्त्वाचे.

म्हणजे बदलता येणारी वडी जितकी सोयीची, तितकीच तिची ओळख पक्की हवी. गोची इथेच आहे. देशात १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे २०२० चे सौंदर्यप्रसाधने नियम लागू आहेत. प्रसाधनांतल्या रंगद्रव्यांत शिसे दशलक्ष भागांत २० भागांहून आणि आर्सेनिक २ भागांहून अधिक असता कामा नये, असे बंधन आहे. वेष्टनावर उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम मुदत द्यावी लागते. घटकांच्या यादीतून मात्र ३० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या घन प्रसाधनांना सूट आहे. आयशॅडोची वडी तर जेमतेम दोन-तीन ग्रॅमची. त्यातून ती पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढून डबीत बसवली, की खोके कचऱ्यात जाते आणि मुदतीची तारीखही त्याबरोबर जाते. म्हणून चांगल्या रचनेत बॅच क्रमांक आणि मुदत ताटलीच्या पाठीवरच ठसवलेली हवी. डबीत वडी बसवल्याची तारीख लिहायला छोटी जागा ठेवली, तर आणखी उत्तम.

ओला स्पंज, कोरडी पावडर

जिवाणू आणि बुरशीला वाढायला पाणी लागते. त्यामुळे कोरडी पावडर तुलनेने सुरक्षित असते. लिक्विड फाउंडेशन, मस्कारा यांसारख्या पाणीदार प्रसाधनांची गोष्ट वेगळी. मस्काराची कांडी दर वेळी पापणीवरून पुन्हा नळीत जाते. म्हणून उघडल्यापासून साधारण तीन महिन्यांत तो बदलावा असे सांगितले जाते. काजळ आणि आयलायनर डोळ्याच्या अगदी कडेला लागतात, तिथेही हयगय नको. डोळे आलेले असताना वापरलेले प्रसाधन टाकूनच द्यावे.

पावडरची खरी अडचण स्पंजामुळे होते. घामाने ओलावलेला स्पंज पावडरवर पालथा ठेवून झाकण लावले, की ओल आणि त्वचेवरचे तेल दोन्ही आत कोंडतात. काही दिवसांनी पावडरवर तुकतुकीत कडक थर दिसतो, तो याचाच. ब्रिटनमधील ॲस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये वापरातल्या ४६७ प्रसाधनांची आणि स्पंजांची तपासणी केली. बहुसंख्य वस्तूंवर जिवाणू आढळले. मेकअपचे ९३ टक्के स्पंज एकदाही धुतलेले नव्हते, आणि ६४ टक्के स्पंज कधी ना कधी जमिनीवर पडूनही तसेच वापरात होते.

यावरून डिझायनरने घ्यायचा धडा सरळ आहे. स्पंजाला पावडरपासून वेगळा, हवा खेळती राहील असा कप्पा हवा आणि स्पंजसुद्धा वडीइतकाच सहज बदलता यायला हवा. वडी बाहेर काढल्यावर खालची खाच पुसून घेता आली पाहिजे. म्हणजे तिथे कोनेकोपरे कमी हवेत. पुण्याची हवा लक्षात घेतली तर हे अधिकच गरजेचे. पावसाळ्यात पर्समध्ये ओल धरते. उन्हाळ्यात दुपारी पारा चाळिशीवर जातो आणि उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. लिपस्टिक आणि क्रीममधले मेण अशा उष्णतेत मऊ पडते. त्यामुळे एकाच डबीत क्रीम आणि पावडर शेजारी ठेवायची असेल, तर प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र घट्ट झाकण हवे.

आरसा, चुंबक आणि बिजागरी

आरसा केवढा हवा, याचे उत्तर शाळेतल्या प्रकाशाच्या धड्यात आहे. सपाट आरशात आपला जेवढा भाग दिसतो, तो आरशाच्या उंचीच्या दुप्पट असतो. आरसा जवळ धरला काय किंवा लांब धरला काय, हे प्रमाण बदलत नाही. केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतचे अंतर सुमारे १८ सेंटीमीटर धरले, तर पूर्ण चेहरा दिसायला ९ सेंटीमीटर उंचीचा आरसा पुरतो. सहा सेंटीमीटरच्या गोल कॉम्पॅक्टमध्ये चेहऱ्याचा १२ सेंटीमीटरचा भागच दिसतो आणि मग डबी वर-खाली करावी लागते. पर्समध्ये मावेल अशी लांबट, चपटी डबी म्हणून अधिक सोयीची.

काचेचा आरसा पडला तर फुटतो. पण मागे चिकट पडदा लावला तर तुकडे उडत नाहीत. ॲक्रिलिकचा आरसा हलका आणि न फुटणारा, पण त्यावर चरे लवकर पडतात आणि स्पिरिटने पुसला तर बारीक भेगा पडू शकतात. जी डबी वर्षानुवर्षे वापरायची आणि वेळोवेळी पुसायची, तिला काचच बरी.

वडी धरून ठेवायला सहसा चुंबक वापरतात. मात्र चुंबकाला लोखंडी पत्र्याची ताटली चिकटते, ॲल्युमिनियमची चिकटत नाही. लोखंडी ताटलीला कल्हई चांगली हवी, नाहीतर ओलीने गंज चढतो. चुंबक पूर्ण बंदिस्त असणे अत्यावश्यक आहे, कारण लहान मुलाने सुटे चुंबक गिळले तर ते आतड्याच्या वळ्यांमध्ये एकमेकांना चिकटून जीवघेणी इजा करतात. चुंबक नको असेल तर साधी खटक्याची रचना आणि तळाला बोटभर छिद्र पुरते. खालून दाबले की वडी वर येते.

शेवटी कुठे जाणार?

पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेसाठी घरोघरचा कचरा गोळा करते. सुका कचरा हातांनी निवडला जातो. कॉम्पॅक्टमध्ये प्लास्टिक, काच, पोलादी पिन, चुंबक आणि गोंद एकत्र असतात. अशी मिश्र वस्तू सुटी करायला वेळ लागतो, हाती येते ते किरकोळ, आणि फुटलेला आरसा निवडणाऱ्याचा हात कापतो. डबी एकाच जातीच्या प्लास्टिकची, बिजागरीची पिन ओढून काढता येणारी आणि आरसा गोंदाऐवजी खाचेत बसवलेला असेल, तर हे काम सोपे होते.

दुसरा मार्ग धातूचा. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्या-पितळेची भांडी घडवण्याचे काम चालत आले आहे. पितळी डबी महाग पडते, पण ती दुरुस्त करता येते, आणि अगदी शेवटी मोडीतही तिला वजनावर भाव मिळतो. हिशेब मात्र चोख हवा. जड, टिकाऊ डबी घेऊन ती एकदाच वापरली, तर साध्या डबीपेक्षा नुकसान अधिक. तिचा फायदा पुन्हा पुन्हा भरल्यावरच होतो. शिवाय नवी वडी प्लास्टिकच्या दुसऱ्या डबीतूनच विकली, तर सगळा खटाटोप फुकट.

अशी डबी घेताना तीन गोष्टी पाहाव्यात: तिच्या वड्या सुट्या मिळतात का, वडीवर उत्पादकाचे नाव आणि मुदत आहे का, आणि स्पंज वेगळा ठेवता येतो का. घेतल्यावर आठवड्यातून एकदा स्पंज सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळवावा, आणि वडी बदलताना खाच कोरड्या फडक्याने पुसावी. वास, रंग किंवा पोत बदलला असेल तर मुदतीची वाट न पाहता वडी काढून टाकावी. डोळ्यांची प्रसाधने दुसऱ्याला वापरायला देऊ नयेत, अगदी बहिणीलाही नाही. कपाळावर, पापणीवर खाज किंवा डाग दिसला, तर वापरत असलेले प्रसाधन वेष्टनासकट त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावे. निदानाची सुरुवात बहुधा तिथूनच होते.